दोन दिवसांचा केर

बुधवारी सकाळी एका विहिरीत एका बाईचं प्रेत सापडलं. दुपारी तिच्या धाकट्या मुलाला मी ठाण्यात आणून बसवलं. गुरुवारी सकाळी तिचा थोरला मुलगा अमेरिकेहून आला.

नोकरीत मी पुष्कळ प्रेतं पाहिली. त्यांतली बरीच आता आठवत नाहीत. ही घटना मात्र मनातून गेली नाही, आणि पत्नी वारल्यापासून ती जास्तच आठवते. म्हणून सावकाश लिहून काढतो आहे.

नावं कोणाचीच देणार नाही. गाव खोडदच्या बाजूचं होतं, एवढं सांगितलं तरी पुरे. नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तालुक्यातल्या एका ठाण्याचा कार्यभार माझ्याकडे होता. थंडी सरत आली होती आणि शिवारात टोमॅटोची तोडणी चालू होती.

पोलीस पाटलाने विहिरीत प्रेत असल्याची वर्दी दिली, ठाणे अंमलदाराने अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि आम्ही जीप बाहेर काढली. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "म्हातारी आपून होऊन पडली न्हाई, सायेब," तो म्हणाला. "रविवारी दुपारी घरात लई आवाज चढला व्हता. बाप्याचा आवाज व्हता आन् म्हातारी रडत व्हती. धाकल्याला इचारा. माती व्हायच्या आत इचारा." फोन बंद झाला.

विहीर जुनी, दगडी बांधणीची होती. कठडा नव्हता. वस्तीपासून सडकेकडे जाणारी पायवाट तिच्या अगदी काठावरून जात होती. काठाचा एक दगड निखळून आत पडला होता आणि त्याच्या जागी ओली माती उघडी पडली होती. जवळच म्हातारीची एक चप्पल होती, पट्टा तुटलेली. पंचांसमक्ष हे सगळं लिहून घेतलं. प्रेताच्या डोक्याला मागच्या बाजूला जखम होती. दुपारी ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन झालं. मृत्यू बुडून, आदल्या दिवशी संध्याकाळी झाला असावा, असं डॉक्टरांचं मत पडलं. जखम पडताना काठाला लागून झाली की आधी कोणी मारल्याने, हे सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले.

मयत बाई विधवा होती. तिला दोन मुलं. थोरला इंजिनीअर होऊन शिकागोला गेला होता. धाकटा घरची शेती करत होता आणि आई त्याच्याकडे राहत होती. गावात तिची ओळख मात्र अमेरिकेवाल्याची आई अशीच होती.

घराचा पंचनामा करताना एक गोष्ट नजरेत आली. घर बेताचं, पण भांडी घासून फळीवर ओळीने लावलेली, अंथरुणांच्या घड्या नीट. जमीन मात्र केराने भरलेली होती. चुलीपुढे पाचटाचा चुरा, ओसरीवर वाळलेली पानं, कोपऱ्यात लसणाची सालं. दारात जमलेल्या बायकांपैकी एकीने आवाज मुद्दाम चढवून टोमणा मारला, "बघा की, दोन दिस केर काढला न्हाई. सासूला काय बघितलं आसंल!"

सून खाली मान घालून बसली होती. सासूला ती आत्या म्हणे. मी विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "आत्यांनी काढू दिला न्हाई."

बायका हसल्या. मी ते वाक्य लिहून घेतलं आणि पुढे गेलो.

धाकट्याला मी ठाण्यात बसवला. तो पस्तिशीचा होता, अंगाने मजबूत, हातांना टोमॅटोच्या झाडांचा हिरवट-काळा डाग. असा डाग हात धुऊनही लवकर निघत नाही. रविवारी दुपारी कुठे होतास, विचारलं. म्हणाला, टेम्पोचं काम होतं म्हणून आळेफाट्याला गॅरेजवर गेलो होतो. गॅरेज बंद होतं, वाट बघून परत आलो. त्याला तिथे पाहिलेलं कोणी नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी तो माल घेऊन बाजारात गेला होता, आणि अडत्याने तसं सांगितलंही. पण बाजारातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंतच्या वेळेला साक्षीदार नव्हता. आई घरात नाही म्हटल्यावर रात्री शोधलं का, तर म्हणाला, भावकीत बसली असेल असं वाटलं.

आमच्या धंद्यात संशय बहुधा उत्तरांवरून बळावत नाही, सुरावरून बळावतो. या माणसाचा सूर कडू होता. आईशी तुझं कसं होतं, असं मी विचारलं.

"गावात आई एकाच पोराची व्हती," तो म्हणाला. "आमेरिकेवाल्याची. मी तिचा गडी. तिला दवाखान्यात नेणारा मी, पाय चेपणारी माझी बायको, आन् पावणं आलं की फोटू कुनाचा दाखवायची? त्याचा. लिवून घ्या सायेब, मला लई राग व्हता. पर मारलं न्हाई."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. हेतू त्या माणसाने स्वतःच सांगितला होता.

तेवढ्यात भावकीतली दोन वडीलधारी माणसं ठाण्यात आली. आमच्याकडे बापाला थोरला अग्नी देतो आणि आईला धाकटा. पाणी पाजायचा आणि मडकं घ्यायचा मान त्याचा. ते विचारायला आले होते की माती कधी करायची आणि कोणाच्या हाताने. धाकट्याने आईला मारलं असेल, तर त्याच्या हातचा अग्नी तिला चालणार नाही. आणि त्याने मारलं नसेल आणि अग्नी दुसऱ्याने दिला, तर तो माणूस गावात राहून काय करील? म्हातारे सरळ बोलले. "सायेब, तुमी सांगाल तसं. पर एकदा आग लागली की ती परत काढता येत न्हाई."

मी एक दिवस मागितला. थोरल्याला सकाळीच फोन गेला होता. सडकेवरच्या एसटीडी बूथवरून धाकट्यानेच लावला होता. तिकडे थोरल्याच्या मित्राने घेतला आणि सांगतो म्हणाला. थोरला येईपर्यंत थांबायचं, असं भावकीचंही मत पडलं. नारायणगावहून बर्फाच्या लाद्या आल्या, लाकडाचा भुसा आला, आणि म्हातारीला ओसरीवर बर्फावर ठेवलं. परतताना जीपमधून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या अँटेना दिसत होत्या, सगळ्यांची तोंडं आभाळाकडे. हवालदार म्हणाला, "ह्यांना तिकडच्या चांदणीचं ऐकू येतंय सायेब. आपल्याला शेजारच्या घरातलं धड ऐकायला कोन मिळंना."

गुरुवारी सकाळी मी गावात गेलो, तेव्हा थोरला नुकताच येऊन पोचला होता. आईच्या पायाशी बसला होता. बर्फाचं पाणी ओसरीवरून अंगणात वाहत होतं आणि त्याच्या पँटच्या कडा भिजल्या होत्या. बाहेर माणसं कौतुकाने बोलत होती. एक जण म्हणाला, "आमेरिकेतनं एका दिसात आला राव. हितं घोडेगावची यस्टी वेळंवर येत न्हाई."

मी ते ऐकलं आणि जागीच थांबलो.

गावातल्या माणसांना विमान म्हणजे उडालं की आलं. त्यांची चूक नव्हती. त्यांच्यापैकी कोणी त्या प्रवासाची वाट पाहत बसलेलं नव्हतं. मी बसलो होतो. माझा मेहुणा त्याच देशात होता. सासरे वारले, तेव्हा माझी पत्नी दोन रात्री दाराकडे तोंड करून बसली होती, आणि मी शाळेपासून जपलेला नकाशांचा संग्रह काढून तिला समजावत होतो. शिकागो ते मुंबई सरळ रेघ ओढली तरी तेरा हजार किलोमीटरच्या आसपास. तेव्हा थेट विमान नव्हतं. युरोपात उतरायचं, तास न् तास थांबायचं, दुसरं विमान धरायचं. सगळं जुळून आलं तरी वीस-बावीस तास. त्याच्या आधी तिकीट मिळवायचं, विमानतळ गाठायचा. त्याच्यानंतर मुंबईहून कल्याण, माळशेज घाट आणि ही सडक, म्हणजे आणखी चार-पाच तास. मेहुणा तिसऱ्या दिवशी पोचला होता. आणि या माणसाला फोन जाऊन अजून चोवीस तास व्हायचे होते.

मग मला कालचं वाक्य आठवलं.

माझ्या घरीही मी बंदोबस्ताला निघालो की पत्नी लगेच केर काढत नसे. माणूस गावाला गेला की त्याच्यामागे केरसुणी फिरवायची नाही, नाहीतर तो परत येत नाही, असं मानतात. सुनेला मी घराच्या मागे बोलावलं आणि विचारलं, रविवारी घरातून कोण गावाला गेलं होतं?

"कुनीच न्हाई," ती म्हणाली. "म्हनून तर मला कळंना. मी सांजच्याला रानातनं आले, तर आत्या म्हनल्या, केरसुनीला हात लावू नको. मी इचारलं, कोन गेलंय आत्या? तर म्हनल्या, तू तुजं काम कर."

"इतका वेळ केर ठेवायची पद्धत आहे का तुमच्याकडे?"

"छे. कोस-दोन कोस गेलं मानूस की काढायचा. फकस्त दादा आमेरिकेला निघाले की दीड-दोन दिस आमी केरात राहतो. पोचल्याचा फोन येईस्तवर त्या जेवत बी न्हाईत धड." बोलता बोलता ती थांबली. ओसरीकडे तिने एकदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

थोरल्याला मी सांगितलं, ठाण्यात चला, भावाला भेटा. ठाण्यात धाकटा बाकावर बसला होता. भावाला पाहून तो उठला नाही. मी थोरल्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, प्रवास कसा झाला?

"ठीक."

"विमान कुठे बदललंत?"

"फ्रँकफर्टला."

"किती वेळ थांबावं लागलं?"

तो म्हणाला, तीन-चार तास. त्याने कोणत्या वेळी निघाल्याचं सांगितलं, ते मी लिहून घेतलं. मग त्याच्यासमोर एकेक टप्पा मोजला. आवाज न चढवता, मुलांना गणित शिकवतात तसा. फोन अमुक वेळेला गेला. तिकीट, विमानतळ, पहिलं विमान, थांबा, दुसरं विमान, घाट. "या हिशेबाने," मी म्हणालो, "तुम्ही आत्ता समुद्रावर कुठेतरी असायला हवं होतं."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. पासपोर्ट मी पुढे तपासाच्या कागदांत घेतला, त्यावरचा शिक्का चार महिन्यांपूर्वीचा होता. पण त्या क्षणी त्याची गरज पडली नाही.

"हिशेब मला बी येत व्हता सायेब," तो म्हणाला. इतका वेळ तो शुद्ध पुस्तकी मराठीत बोलत होता. "उद्या रातीपतोर थांबायला पायजे व्हतं. पर भावकीनं सांजच्याला मित्राला परत फोन केला, आन् त्यानं मला सांगितलं, आईला बर्फावर ठेवलीय. मग मला थांबवंना."

त्याची नोकरी गेली होती. तिकडे त्या काळात एकेक कंपनी माणसं कमी करत होती. नोकरीबरोबर तिथे राहायचा परवानाही संपला. चार महिने तो पुण्यात एका खोलीत राहून काम शोधत होता आणि घरी मित्रामार्फत अमेरिकेतला म्हणूनच निरोप देत होता. रविवारी धीर करून तो गावात आला. भाऊ-भावजय बाहेर असतील अशी वेळ त्याने निवडली होती. आईला सांगायचं होतं की मी परत आलो. त्याने सुरुवात केली, "आता तिकडं राहावंसं वाटत नाही." पुढचं तिने ऐकून घेतलंच नाही. हिथं काय ठेवलंय म्हणाली, गावाला काय सांगू म्हणाली. रडायला लागली. त्याचाही आवाज चढला. शेजाऱ्याने ऐकला तो हा आवाज.

"मग?"

"मग मी म्हनलं, बरं. आज रातच्या विमानानं जातो. ती गप झाली. भाकरी बांधून दिली. म्हनाली, धाकल्याला सांगत न्हाई तू आला व्हतास, तो हसंल. पोचला की फोन कर." त्याने कप बाजूला सरकवला. "पुण्यात दोनदा बूथवर गेलो. पर पोचलो म्हनून काय सांगायचं? पोचायचं कुठं व्हतं?"

बाकावरून धाकट्याचा आवाज आला. तो भावाशी बोलत नव्हता, माझ्याशी बोलत होता. "म्हंजी मी हिथं बसलोय, आन् हा तिकडं बर्फापाशी बसून गप व्हता."

थोरल्याने मान डोलावली. गावात उतरल्याबरोबर त्याला भाऊ कुठे आहे हे कळलं होतं. एक शब्द बोलला असता तर भाऊ सुटला असता, पण त्या शब्दाने आईने गावभर दाखवलेला फोटो खाली आला असता. सकाळपासून तो त्याच ठिकाणी अडकून होता. मी त्याचा जबाब नोंदवला.

जबाब पडताळणं भाग होतं. सडकेवरचा एसटीडी बूथ जुन्नरच्या एका मुसलमान गृहस्थांचा होता. किराणा आणि फोन, दोन्ही. गाव त्यांना चाचा म्हणे. म्हातारी बूथवर आली होती का, हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, सोमवारी संध्याकाळपासून तिच्या खेपा चालल्या होत्या. आमेरिकेचा फोन आला का, एवढंच विचारायची. कशाचा फोन आजी, असं विचारलं की गप्प बसायची. मंगळवारी तर दिवसभर पायरीवरच होती.

"बिस्किट दिलं, घेतलं नाही," चाचा म्हणाले. "अंधार पडायला लागला तेव्हा उठली. जाताना मला म्हणाली, विमान पडलं असतं तर टीव्हीवर सांगितलं असतं ना रे बाबा? मी म्हटलं, हां आजी, लगेच सांगतात. घरी जा. रस्त्याने जा म्हटलं, लांब पडलं तरी. पण ती विहिरीकडच्या वाटेनंच गेली. केर तसाच पडलाय, असं कायतरी म्हणत होती."

निखळलेला दगड, तुटलेला पट्टा, अंधार, दोन दिवस पोटात धड अन्न नसलेली सत्तरीची बाई. मी अपघाती मृत्यूचा अहवाल लिहिला आणि धाकट्याला सोडलं. फोन करणारा शेजारी कोण, तेही नंतर कळलं. त्याचा धाकट्याशी त्या विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून जुना वाद होता. पण तो खोटं बोलला नव्हता. खबर देणारा माणूस बहुधा ऐकलेलं खरंच सांगतो. न ऐकलेलं तो आपल्या मनातून भरतो. तपास करायचा तो त्या भरलेल्या जागेचा.

दुपारनंतर माती होती. मी साध्या कपड्यात गेलो. तिरडी बांधून तयार होती, भावकी अंगणात उभी होती, तरी कोणी प्रेत उचलत नव्हतं. सून उंबऱ्यात केरसुणी घेऊन उभी होती आणि जागची हलत नव्हती. आत घर तसंच होतं, आता चार दिवसांचा केर झालेला. बायका तिला म्हणत होत्या की आटप, नाहीतर बाजूला हो. ती म्हणाली, "आत्यांचा शबुद हाय. केरसुनीला हात लावू नको म्हनल्यात. पोचल्याचा फोन अजून आला न्हाई."

धाकट्याच्या अंगावर ओलं धोतर होतं. तो थोरल्यासमोर जाऊन उभा राहिला. सकाळपासून तो त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"दादा, पोचलास का?"

थोरल्याने तिरडीकडे पाहिलं.

"सांग की. आई वाट बघतीय. पोचलास का?"

"पोचलो," थोरला म्हणाला.

सुनेने केर काढला. आतून बाहेरपर्यंत, कोपऱ्यांसकट, सावकाश. कोणी तिला घाई केली नाही. मग धाकट्याने मडकं उचललं.

थोरला दहाव्यापर्यंत गावात राहिला. पुढे नाशिककडे कुठेतरी त्याला काम मिळालं, असं ऐकलं. भावांत बोलणं राहिलं नाही, असंही ऐकलं. वर्षभराने त्या बाजूला गेलो, तेव्हा विहिरीला सिमेंटचा कठडा झाला होता. तो धाकट्याने एकट्याने बांधला होता.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं मुलीने एकदा विचारलं होतं. तेव्हा मी तिला तपासातल्या बारकाव्यांचं महत्त्व वगैरे सांगितलं. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मी त्या दिवशी एक अंतर मोजलं आणि एक माणूस सुटला. म्हातारीही तेच अंतर मोजत होती, तिच्या परीने, न झाडलेल्या जमिनीवर. तिचा हिशेब माझ्याइतकाच बरोबर होता. फक्त त्या विमानात कोणी बसलेलं नव्हतं. लांब गेलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्याला तास कळतात, मैल कळतात. तो माणूस खरोखर कुठे आहे, ते त्याने सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि खरं सांगता येईल अशी जागा आपण त्याच्यासाठी ठेवली आहे का, हे घरच्यांनी स्वतःला विचारायला हवं. गुन्ह्याच्या कायद्यात याला कलम नाही.

माझी मुलगी मेलबर्नला असते. तिची आई गेली, तेव्हा आम्हीही थांबलो. मी नकाशा काढला नाही, तास तोंडपाठ होते. ती आली, दिवस झाले, आणि मग ती परत गेली. निघताना मी तिला म्हणालो, तिकडे नकोसं झालं तर तसं सांग, इथे कोणी विचारणार नाही. ती हसली आणि टॅक्सीत बसली.

कामवाली आली, तिला मी केर काढू दिला नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला, बाबा, पोचले. फोन ठेवून मी स्वतः घर झाडलं. पत्नीची केरसुणी दाराच्या मागे असते. घरात आता मी एकटा आहे.